हिरव्या टिकलीची कॅसेट

राधानगरी,
१४ नोव्हेंबर १९९८

पावणं,
तानाबाईचा जयभीम घ्या.

वळकलासा का? आकारामची आई. तुमची विहीण. सा वर्षं झाली, एकमेकांच्या दारात पाय न्हाय, म्हणून इचारलं.

काचबिंदूनं माझं दोन्ही डोळं गेलं. उजवा आधी गेला, डावा गेल्या दिवाळीत. कोल्हापुरात दाखवायला नेलतं तवा तितल्या एका बाईंनी आकारामला आंधळ्या माणसांच्या ग्रंथालयाचा पत्ता दिला. पुस्तकं कॅसेटीत भरून देत्यात म्हणाल्या. म्या म्हटलं, चेष्टा करतीय बाई. चाळिशी उलटल्यावर विहारातल्या वर्गात अक्षर शिकले, कुठं जरा वाचाय लागले तवर डोळं गेलं. आता पुस्तक काय कानात घालतासा?

आकारामनं टेप आणला, कॅसेट लावली. आन् आतनं आवाज आला, "वाचक, दादासो कांबळे, कळंबा." हातातली शेंगांची पाटी उलटी झाली माझ्या. विशाखा पळत आली, काय झालं म्हणून. म्हटलं, काय न्हाय गं, घरात पावणं आल्यात.

पुस्तक चांगलं हाय. पर एक सांगते, राग मानू नका. पुस्तकातली बाई बोलाय लागली की तुम्ही बारीक आवाज काढतासा, ते बंद करा. मला हसू येतं आन् गोष्ट राहती बाजूला. आन् कुणी रडणार असलं की तुम्ही आधीच रडवेलं हुतासा. मला रडायचं का न्हाय ते माझं मला ठरवू द्या की! सरळ वाचा. ष्टँडवर गाड्या पुकारत्यात तसं.

मागनं टोल पडतोय तो तुमच्या कळंब्याच्या जेलचा न्हवं? आन् कॅसेटीच्या वरच्या कडंला बोटाला दोन बारकं दात लागत्यात, ते कशाला?

पत्र माझी सून विशाखा लिवती. मी सांगते तसंच लिव म्हटलंय, शाळेतलं करू नको.

तानाबाई

आण्णा, मी विशाखा, आकारामांची दुसरी बायको. तुम्ही मला पाहिलेलं नाही. सासूबाई बोलतात तसंच उतरवते आहे. काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.


कळंबा,
२९ नोव्हेंबर १९९८

विहीणबाई तानाबाई यांस,
दादासोचा सप्रेम जयभीम.

पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा मी सायकलची चेन बसवत होतो. पाठीमागचं नाव वाचलं आणि तसल्या काळ्या हातानंच फोडलं. आता त्या कागदावर माझी पाची बोटं उठलीत. असू देत.

तुमचे डोळे गेले ते दोनदा वाचलं. आणि लगेच तुमची बोलणी वाचून हसायला आलं. बारीक आवाजाबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं. मला वाटत होतं, लोकांना आवडतं! आता बंद.

मी यात कसा पडलो ते सांगतो. येष्टीच्या वर्कशॉपमधनं निवृत्त झालो आणि दिवसभर घरात धोंडुबाईच्या पायात पायात येऊ लागलो. तिनंच हाकललं. "सारखं वाचत बसताय, कुणाला तरी ऐकवा जावा," म्हणाली. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं विहाराच्या कपाटातनं झालेलं. ग्रंथालयातल्या बाईंनी माझं वाचन ऐकलं आणि हातात टेप दिला. घरीच भरतो. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला वाकळ टांगतो. धोंडुबाईचीच, जुन्या लुगड्यांची. तिला शिवायला दम कुठला, हे लांब लांब टाके घालते. पण आवाज अडवते बरं का वाकळ. जेलचा टोल तेवढा तिला दाद देत नाही.

ते दोन दात म्हणजे कॅसेटीचं कुलूप. एकेका बाजूला एकेक. दात मोडला की त्या बाजूवर दुसरं काही भरता येत नाही, लाल बटण दाबतच नाही. आम्ही मोडत नाही. आमचं ग्रंथालय गरिबाचं. पुस्तक ऐकून परत आलं की त्याच कॅसेटीवर दुसरं भरायचं.

एक गोष्ट मोकळेपणी सांगतो. तुमचं पत्र आल्याचं धोंडुबाईला सांगितलेलं नाही. आमची पोर तुमच्या घरी वारली तेव्हापासून तुमच्या गावाचं नाव आमच्यात निघत नाही. वेळ बघून सांगेन. तुम्ही जाणत्या आहात.

आता कामाचं. एका नावाड्याच्या घराची कादंबरी हाती आली आहे. ती ग्रंथालयासाठी भरायचीच आहे, पहिल्यांदा तुमच्याकडं धाडतो. तुम्ही सांगितलंत तशी, गाड्या पुकारल्यासारखी वाचतो.

विशाखा पोरी, तुझं अक्षर छान आहे. सांभाळून घ्यायचं आम्ही, तू कशाला संकोच करतेस?

तुमचा,
दादासो


राधानगरी,
१७ फेब्रुवारी १९९९

पावणं, जयभीम.

नावाड्याच्या कॅसेटींचा पुडा राधानगरी गाडीच्या कंडक्टरनं आणून दिला. विशाखानं हरेक कॅसेटीच्या पयल्या अंगाला आपली टिकली चिकटवलीया, म्हंजे सुरवात कुठली ते बोटाला कळतं. एक बारकी, एक लांबट, एक चांदणीची. शेवटची तेवढी मोठी गोल हाय, विशाखा म्हणती हिरवी. म्या टिकली सोडल्याला लई वर्षं झाली, आता माझ्या कॅसेटी लावत्यात.

मी कशी वाचते सांगू? दुपारी सगळी शेताकडं गेली की टेप घिऊन गोठ्यातल्या खाटल्यावर बसते. घरात लावला की नातू येऊन बटनं दाबतोय. शेजारीण येती आन् ऐन मोक्याला म्हणती, "व्हय गं बाई, आमच्यात बी असंच झालतं." डोळ्यानं वाचत हुते तवा मी कुठं थांबले, कशानं थांबले, कुणाला कळत न्हवतं. आता सगळ्या आळीला कळतंय. म्हस काय इचारत न्हाय.

तुम्ही भराभरा चालतासा. मग मी मधीच बटन दाबते आन् गप बसते. पुस्तकातनं मान वर करून बघायची, तसंच त्ये. मागं फिरवायचं म्हंजे सगळा अंदाज. कवा लई मागं जातंय, ऐकलेलंच परत ऐकावं लागतंय. सेल संपाय आलं की तुमचा आवाज घोगरा हुत हुत पार रेड्यागत हुतोय. तवा मी म्हणते, पावणं दमलं, आज हितंच ऱ्हाऊ द्या.

सरळ वाचतासा आता. ब्येस. गोष्ट माझ्याजवळ येऊन बसती.

पर पावणं, एक इचारते. तुम्ही पान उलटतासा ते मला ऐकू येतं. बोटाला थुंकी लावतासा, मग बारकी सळसळ. धाव्या प्रकरणात नावाड्याच्या सुनेला कळा लागल्या, नदीला ह्ये पाणी. "प्रकरण दहावं संपलं," म्हणालासा. खट् झालं. परत खट् झालं, आन् पानांचा गठ्ठा उलटल्यागत खर्रर्र. मग म्हणालासा, "प्रकरण अकरावं." आन् त्यात नावाडी एकटाच चुलीपुढं बसून भाकरी थापतोय.

सून कुठं गेली? तिचं पोर कुठं गेलं?

मी आंधळी झाले, पावणं. खुळी न्हाय झाले.

तानाबाई


कळंबा,
८ मार्च १९९९

विहीणबाई यांस,
सप्रेम जयभीम.

पकडलंत मला. ग्रंथालयातल्या बाईंनीही तपासणीला ती कॅसेट ऐकली होती, त्यांना कळलं नाही.

होय, मधलं एक प्रकरण मी गाळलं आणि पुढच्याला त्याचा आकडा दिला. फार लांबण आहे त्यात. गोष्टीला पुढं काही अडत नाही. खरं सांगायचं तर तुमच्यासाठीच गाळलं. तुम्ही दुपारी एकट्या बसून ऐकणार. माणसानं पुस्तक विरंगुळ्याला घ्यावं, त्यातनं नको ते वर निघू नये, एवढाच हेतू. पुढं नावाड्याचा धाकटा मुलगा शिकून येतो तो भाग फार गोड आहे, तो ऐका.

ऊन वाढलं आहे. प्रकृतीला जपा.

दादासो


राधानगरी,
२ एप्रिल १९९९

पावणं,

डोळस माणसाला कुणी पुस्तकातली पानं फाडून देतं का? "तुला सोसायचं न्हाय गं," म्हणून? मग मला का?

मी काय खावं ते सून बघती. कुठं बसावं ते लेक सांगतो. परसात जाताना कुणाचा तरी हात धराय लागतो. एक पुस्तक तेवढं माझं माझ्याजवळ हुतं. त्यात बी तुम्ही आलासा, हात धरून दुसऱ्याच वाटंनं नेलासा, आन् म्हणतासा तुमच्यासाठी.

माझ्यासाठी म्हणतासा, तर माझ्यावरनं काय गेलंय ते मला ठावं न्हाय काय? तुम्हाला काय ठावं हाय? तुम्ही कवा इचारलासा?

हितं सगळं लिवता येत न्हाय.

कॅसेटी कंडक्टरकडं दिल्यात. हिरव्या टिकलीची तेवढी दोन्ही अंगांनी तपासून घ्या, मगच वापरा.

तानाबाई


कळंबा,
९ मे १९९९

तानाबाई यांस,
दादासोचा जयभीम.

विशाखा, पोरी, पुढचं वाचून दाखवताना तुला जड जाईल. तरी वाच. एक शब्दही गाळू नको. गाळण्याचं काम मी केलं तेवढं पुरे.

तानाबाई, तुमच्यासाठी गाळलं हे मी खोटं लिहिलं. ते प्रकरण मलाच वाचवेना. वाचायला बसलो की पहिल्या पानावर नावाड्याची सून म्हणते, "आई, दार उघडं ठेवा, पाणी कुठवर आलंय ते मला दिसू दे." तिथंच माझी पूर्णिमा उभी राहायची.

ती गेली तेव्हा मी तिथं नव्हतो. निरोप आला तेव्हा भोगावतीला पूर, रस्ता बंद. आम्ही पोचलो तोवर तुम्ही सगळं उरकलं होतं. तिचं तोंड आम्हाला दिसलं नाही, बाळाचंही नाही. पहिलं बाळंतपण, ती माहेरी यायची होती. तुम्ही लिहिलंत, भाताची लावण झाली की पाठवते. धोंडुबाईच्या काळजात ते रुतून बसलं. माझ्या मनात नाही असं कसं म्हणू? पण मी भांडलो नाही, रडलो नाही आणि विचारलंही नाही. तुम्ही बरोबर लिहिलंत. विचारायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात धोंडुबाई बहिणीकडं गेली तेव्हा खिडकीला वाकळ टांगली आणि ते प्रकरण भरलं. तुमच्या हिरव्या टिकलीच्याच कॅसेटीवर, मागल्या कोऱ्या बाजूला, म्हणजे ते त्याच्या जागेजवळ राहील. तुम्ही बजावलं होतंत तशी आधी दोन्ही अंगांनी तपासली. उजेडाला धरली, पेन्सिल घालून टेप सबंध फिरवून बघितली. कुठं वळी नाही, कुठं चुरगाळलेली नाही. मशीनचं डोकंही स्पिरिटनं पुसून घेतलं.

सरळ वाचलं. गाड्या पुकारल्यासारखं. दोन ठिकाणी थांबलो, तिथं बटण बंद केलं नाही. तेवढी शांतता तुम्हाला ऐकावी लागेल. भरून झाल्यावर परत लावून ऐकायचं धाडस मात्र झालं नाही. तसंच बांधून धाडतो आहे.

आता पुस्तक पुरं आहे. तुमचं तुमच्याकडं.

दादासो


कळंबा,
३ ऑगस्ट १९९९

तानाबाई यांस,

कॅसेट पोचली का? कंडक्टर म्हणतो, विशाखाच्या हातात दिली. जून गेला, जुलै गेला, दोन ओळी नाहीत. प्रकृती बरी आहे ना? माझ्या मागच्या पत्रानं दुखावलं असेल तर तसं लिहा, चार शिव्या घाला. पण गप्प राहू नका.

पाऊस तिकडं फार आहे असं ऐकतो. आषाढात तुमच्याकडची आठवण नको म्हटलं तरी येते.

दादासो


राधानगरी,
१२ सप्टेंबर १९९९

आण्णा,

हे पत्र मी, विशाखा, माझ्या मनानं लिहिते आहे. सासूबाईंना ठाऊक नाही.

आधी मला एक सांगा. हिरव्या टिकलीच्या कॅसेटीच्या मागल्या बाजूला काय होतं, ते तुम्ही ऐकून पुसलंत, की न ऐकता?

मार्चमध्ये, तुमचं ते "तुमच्यासाठी गाळलं" म्हणणारं पत्र आलं तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग एका दुपारी मला म्हणाल्या, "टेपमधी आपला आवाज भरायचा असला तर कुठलं बटन?" मी हिरव्या टिकलीची कॅसेट उलटी घातली, लाल बटण दाबून दिलं. म्हणाल्या, "आता तू शेताकडं जा. हे तुझ्याफुडं बोलाय येत न्हाय मला." मी गेले, पण लांब गेले नाही, गोठ्यामागं उभी राहिले. शब्द ऐकले नाहीत, शपथ. नुसता आवाज येत होता. कधी थांबायचा, कधी परत सुरू व्हायचा. कॅसेट संपायला आली तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

काय बोलल्या ते मला कळत नाही असं नाही. लावणीसाठी थांबवून घेतलं, हे गावात अजून बोललं जातं. माझ्या पुढ्यात बोलायचं थांबतात एवढंच. मी गरोदर होते तेव्हा सासूबाईंनी मला सहाव्या महिन्यातच माहेरी पाठवलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तुमची कॅसेट मे महिन्यात आली. तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. त्यात पूर्णिमाताईंचं नाव होतं. या घरात आल्यापासून ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.  मग सासूबाई टेप घेऊन गोठ्यात गेल्या. तुम्ही वाचलेलं सबंध ऐकलं. तुमचं प्रकरण संपलं आणि थोडी खरखर होऊन मागनं त्यांचाच आवाज लागला, अगदी शेवटचा तुकडा. तो त्यांनी ऐकला आणि टेप बंद करून मला दिला. म्हणाल्या, "पावण्यांनी ऐकलं. आन् वर पुस्तक टाकलं. माती टाकत्यात तसं."

तेव्हापासून त्यांनी टेपला हात लावलेला नाही. ग्रंथालयातनं दोन पुस्तकं आली, तशीच परत केली. दिवसभर खाटल्यावर बसून असतात. वाचत नाहीत, आण्णा.

तुम्ही ऐकून पुसणारे नाही, असं मला वाटतं. उजेडाला धरून बघितली असं तुम्ही लिहिलं होतं, ते माझ्या ध्यानात राहिलं. पण हे मी त्यांना सांगून उपयोग नाही. तुम्ही सांगा.

कॅसेट सोबत पाठवते आहे. तुमचं वाचन संपलं तरी बंद करू नका.

विशाखा


कळंबा,
३ ऑक्टोबर १९९९

तानाबाई,

न ऐकता.

न ऐकता पुसलं. तुम्ही लिहिलंत, दोन्ही अंगांनी तपासून मगच वापरा. मला बघायचं सुचलं, ऐकायचं सुचलं नाही. कॅसेट हातात आली की आम्ही वाचणारे ती फिरवून बघतो आणि लाल बटण दाबतो. परत आलेल्या कॅसेटीतनं कुणी आपल्याशी बोलेल हे कधी मनातच आलं नाही. आजवर बोलणारा मी आणि ऐकणाऱ्या तुम्ही, अशीच माझी समजूत. सहा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते तुम्ही पाठवलंत, आणि मी त्यावर एका पुस्तकातली बाई मारून ठेवली.

विशाखानं कॅसेट धाडली. तिला रागावू नका. त्या पोरीनं लिहिलं नसतं तर मी तुमच्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावून मेलो असतो.

काल दुपारी लावली. माझाच आवाज सबंध ऐकून घ्यावा लागला. किती भराभरा वाचतो मी! तुमचं खरं आहे. बटण दाबून मान वर करावीशी वाटली, पण हात जाईना, मधलं काही निसटेल म्हणून. "प्रकरण संपलं" झालं. खरखर. आणि मग तुमचा आवाज लागला, वाक्य मधूनच कापलेलं. जेवढं उरलं आहे तेवढं लिहितो, म्हणजे काय पोचलं ते तुम्हाला कळेल.

"...पाणी उतराय दुपार झाली. तवर कशाला थांबती ती. पर एकली न्हवती, पावणं. एवढं धोंडुताईला सांगा. माझा हात धरला हुता तिनं. मागनं सोडवून घ्यावा लागला मला. झालं. इशाखाऽ, बंद कसं करायचं गं ह्ये?" आणि मागं म्हैस ओरडते, आणि खट्.

मी मान खाली घालून बसलो होतो. वर बघितलं तर धोंडुबाई दारात. हातात पिठाचा डबा. कधीपासून उभी होती कोण जाणे. मला वाटलं, आता डबा आपटते. ती आत आली, खाली बसली.

"कुणाचा आवाज तो?"

"तुला कळला नाही होय?"

"कळला. परत लावा."

परत मागं नेताना लई मागं गेलं, माझंच वाचन लागलं. "तुम्ही गप ऱ्हावा," म्हणाली, जसा काही मी तोंडानंच बोलत होतो. पुढं केलं. ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मग मी तिला सगळं सांगितलं. तुमची पत्रं, गाळलेलं प्रकरण, मी काय पुसलं ते.  तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी जे बोललात ते परत सांगा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणाला लिहून देता येत नव्हतं, सुनेपुढं बोलता येत नव्हतं, म्हणून तुम्ही म्हशीपुढं बोललात. ते एकदाच होतं. लावणीचं काय बोलला असाल ते बोललात, एवढं मला पुरे. मी ऐकलं नाही, पण तुम्ही सांगितलंत. धोंडुबाईलाही मी तेच सांगितलं.

कॅसेटीचे दात मोडायला घेतले. स्क्रू-ड्रायव्हर दातावरनं सटकायला लागला. धोंडुबाईनं कॅसेट काढून घेतली, अंबाड्यातला आकडा ओढला आणि एकेक दात कट् कट् मोडून टाकला. आता तिच्यावर कुणालाही काही भरता येणार नाही. मलाही नाही. ही कॅसेट मी परत पाठवत नाही. ग्रंथालयातल्या बाईंना सांगेन, हरवली. नावाड्याचं ते प्रकरण त्यांना दुसऱ्या कॅसेटीवर परत वाचून देईन. आता येईल वाचता.

जाता जाता धोंडुबाईनं एक विचारायला सांगितलं आहे. ती म्हणाली तसंच लिहितो. "तिकडं पावसात गारठा लई असतो. पोरीच्या अंगावर काय हुतं?"

वाचायचं सोडू नका, तानाबाई. माझा आवाज नको असेल तर दुसऱ्या वाचकाचं मागवा, पण सोडू नका.

दादासो


राधानगरी,
२४ ऑक्टोबर १९९९

पावणं, जयभीम.

तुमचं पत्र विशाखानं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मधीच थांबली, तवा मी म्हटलं, वाच, गाळू नको.

गेलं ते गेलं. परत न्हाय मला बोलता यायचं. तुम्ही ऐकून वर माती टाकलासा असं मी म्हटलं, ते परत घेते. पर पाच म्हैनं तसंच धरून बसले हुते, ते काय परत घेता येत न्हाय.

धोंडुताईला सांगा. पूर्णिमाच्या अंगावर वाकळ हुती. ताईनंच लग्नात दिलेली, हिरव्या आन् जांभळ्या लुगड्याची. न्हेताना तिच्यासंगट द्या म्हणाली माणसं. म्या दिली न्हाय. दुसरं पांघरूण घातलं. का दिली न्हाय त्ये इचारू नका.

ती माझ्या अंथरुणात हाय. सात वर्षं मी तीच घेते. आकारामला ठावं न्हवतं. विशाखाला बी आता लिवता लिवताच कळलं. हात थांबलाय तिचा. लिव म्हटलं.

ताईला पायजे असली तर धाडून देते. पर ताईनं सवताच येऊन न्ह्यावी, असं वाटतं. बोलायला लागंल असं न्हाय. गोठ्यात बसू.

नवं पुस्तक धाडा. तुमच्याच आवाजात धाडा.

रंग आता मला दिसत न्हाय. पर टाकं लागत्यात हाताला, ताईचं, लांब लांब. एका कडंपासनं दुसऱ्या कडंपतोर बोट फिरवत जाते. मधी एका जागी दोरा बदललाय, तितं जरा थांबते, मग फुडं जाते.

तेवढं एक वाचून दाखवाय मला कुणी लागत न्हाय.

तानाबाई